एक जूनला जन्मलेले

वडिलांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते.

"अवं, मले हा काय निरोप आला?" ते म्हणाले. "आज दुपारी दाखल व्हा म्हन्ते. उद्या सकाळी ऑपरेशन हाय म्हन्ते. मले काय झालं?"

बाबांना काहीही झालेलं नव्हतं. रोज सकाळी खडकी बाजारापर्यंत चालत जाणारा, परत येताना रिक्षावाल्यांशी राजकारणावरून हुज्जत घालणारा माणूस तो. मला हसू आलं. म्हटलं, चुकून आला असेल, सोडून द्या.

"चुकून कसा येईन? माह्यं नाव हाय, माह्या बापाचं नाव हाय, आडनाव हाय. अन् तुह्याच त्या हॉस्पिटलचा हाय."

"कशाचं ऑपरेशन लिहिलंय?"

"हर्निया."

अशा वेळी हातातला घास गळून पडतो असं म्हणतात. माझा पडला नाही. मी तो चावतच राहिले, गिळलासुद्धा. मग एकदम आठवलं. त्या दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होणारा एक माणूस मला माहीत होता, आणि तो माणूस म्हणजे काका.

काका आमच्या रक्ताचे नाहीत. बाबा आणि ते पूर्व विदर्भातल्या एकाच गावचे, एकाच वस्तीतले. त्या वस्तीत सगळ्यांचं आडनाव एकच. मुलांना ठेवायची नावंही ठरावीकच, फिरून फिरून तीच. त्यामुळे या दोघांचं पहिलं नाव एक, दोघांच्या वडिलांचं नाव एक आणि आडनाव तर एक होतंच. पुढे दोघंही पुण्याला येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये राहिले. लोक त्यांना 'उंच' आणि 'बुटके' म्हणून ओळखायचे. उंच म्हणजे माझे बाबा. बुटक्यांचं पत्र आमच्याकडे आलं की बाबा ते खुशाल फोडून वाचायचे आणि मग खिडकीतून ओरडून आतला मजकूर सांगायचे. काकाही तेच करायचे. दोन्ही घरांत कुणाचं काही लपून राहत नसे.

काकांची आणखी एक गोष्ट सगळ्या क्वार्टरला पाठ होती. तरुणपणी एकदा त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि त्यांचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. श्वास बंद पडायला आला. डॉक्टर जवळच होते म्हणून वाचले. तेव्हापासून काकू कुठल्याही दवाखान्याच्या दारातच सांगून टाकायच्या, यांना पेनिसिलिन नको. आता काकू नाहीत.

मी डबा तसाच उघडा टाकला आणि संगणकावर रुग्णालयाच्या नोंदी उघडल्या. काकांचं नाव घातलं. एकच नोंद समोर आली. दोन असायला हव्या होत्या. दोघांनाही त्या रुग्णालयात नाव नोंदवायला मीच घेऊन गेले होते. या एका नोंदीवर मोबाइल नंबर बाबांचा होता, पत्ता बाबांचा होता आणि ऑपरेशन काकांचं होतं. ॲलर्जीच्या रकान्यात लिहिलं होतं: नाही.

रुग्णालयाला फोन लावला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, वॉर्डला जोडते. त्यानंतर बराच वेळ संगीत वाजलं आणि फोन कट झाला. काकांचा फोन नुसता वाजत राहिला, त्यांच्या मुलाचा व्यस्त लागत होता. मी चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले.

हे सगळं कशामुळे झालं ते सांगायचं तर आमच्या ऑफिसातल्या एका फाइलबद्दल सांगायला हवं.

आमचं ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. माणसं मोजकीच. लहान-मध्यम रुग्णालयांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. रुग्णांची नोंदणी, तपासण्या, औषधं, सगळं त्यात येतं. पूर्वी कोड आम्ही स्वतः लिहायचो. आता एआय लिहितो आणि आम्ही तपासतो. ऑफिसात त्याला सगळे 'मदतनीस' म्हणतात. मदतनीस हुशार आहे, भराभर काम करतो, चहा मागत नाही. पण रोज सकाळी तो नव्यानेच कामावर आल्यासारखा असतो. काल शिकवलेलं आज त्याला आठवत नाही. म्हणून त्याच्यासाठी कायमच्या सूचनांची एक फाइल ठेवायची. काम सुरू करण्याआधी तो ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ही फाइल लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्हाला सूचना करायला आवडतंच," असं आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. स्तुती होती की टोमणा, हे त्यांच्या बाबतीत कधीच कळत नाही.

पहिली फाइल मी मोठ्या उत्साहाने लिहिली. कोड स्वच्छ लिहा. नीट विचार करा. चुका टाळा. सुरक्षिततेची काळजी घ्या. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहीत, तसं ते वाचायला छान वाटायचं. मदतनीसही ते वाचायचा आणि पुढे त्याला हवं तेच करायचा. मी चिडून आणखी सूचना लिहिल्या, मोठ्या अक्षरांत लिहिल्या, उद्गारचिन्हं घातली. फाइल जितकी लांबली तितकं त्याचं लक्ष कमी होत गेलं. शेवटी एक दिवस मी जवळजवळ सगळी खोडली आणि पहिल्यापासून विचार केला.

मग हळूहळू जमायला लागलं. जे कोड वाचून कुणालाही समजतं ते लिहायचं नाही. जे कोडात दिसत नाही आणि आमच्याकडे आलेल्या नव्या माणसाला कधीच कळणार नाही, तेवढंच लिहायचं. 'असं करू नका' एवढ्यावर थांबायचं नाही, त्याऐवजी काय करायचं तेही सांगायचं. आणि प्रत्येक सूचनेच्या मागे कारण लिहायचं. कारण कळलं की मदतनीस आपण न सांगितलेल्या ठिकाणीसुद्धा बरोबर वागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

फाइल इंग्रजीत होती. तिच्यातल्या माझ्या लाडक्या ओळी मराठीत सांगायच्या तर अशा होत्या. 'लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, कधी पहिलंही बदलतं. म्हणून नाव बदललं तरी बाई तीच असू शकते.' 'पत्त्यात घर क्रमांक नसला आणि मारुतीसमोर एवढंच असलं तरी तो पत्ता चुकीचा समजू नका. पोस्टमनला तो कळतो.' आणि सगळ्यात लाडकी ही: 'मोबाइल नंबरवरून माणूस ओळखू नका, घरातल्या सगळ्यांच्या नावापुढे मुलाचा एकच नंबर दिलेला असतो, आणि नंबर बदलत राहतात.' ही ओळ मी इतर कंपन्यांतल्या मैत्रिणींनाही दाखवली होती. मला तिचा फार अभिमान होता.

अजून एक ओळ होती. मदतनीस सुरुवातीला सारखे प्रश्न विचारायचा. हे बटण डावीकडे हवं की उजवीकडे? तारीख अशी लिहू की तशी? एकदा सर माझ्या मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अहो, हा नोकरीला लागलाय की आपली मुलाखत घ्यायला आलाय?" सगळे हसले. त्याच दुपारी मी फाइलमध्ये लिहिलं: 'उगाच प्रश्न विचारू नका. काम पूर्ण करा.' सर खूश झाले, सगळेच झाले. काम सपाट्याने व्हायला लागलं.

मग रुग्णालयाची तक्रार आली. एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी झाल्या आहेत, आधीचे रिपोर्ट सापडत नाहीत, डॉक्टर वैतागलेत. दुबार नोंदी शोधून एकत्र करा. मदतनिसाला ते काम दिलं. त्याने रीत बसवली ती अशी: पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, स्त्री की पुरुष आणि जन्मतारीख, हे सगळं जुळलं तर माणूस एकच. मोबाइल नंबर त्याने बाजूला ठेवला, कारण मी तसं लिहिलं होतं. दोन नोंदींत फरक असेल तर नवी माहिती ठेवायची, जुनी झाकायची. आम्ही नमुन्याच्या नोंदी काढून पाहिल्या. मी पाहिल्या, सरांनी पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. एवढं सगळं जुळतंय म्हटल्यावर दोन वेगळी माणसं कशी असतील, असंच कुणालाही वाटलं असतं. आम्ही होकार दिला आणि मी पुढच्या कामाला लागले.

पेठांच्या गल्ल्यांतून जवळजवळ धावत जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. जन्मतारीख. बाबांची एक जून. काकांची एक जून. सालही तेच.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख एक जून आहे. मूल शाळेत घालायला बाप घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा आता काय सांगू, पाऊस पडून गेला होता. गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि एक जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसलं की झालं. बाबा आणि काका एकाच दिवशी, एकाच गुरुजींपुढे उभे होते. गुरुजींनी दोघांना एकच तारीख आणि एकच साल दिलं.

हे मला माहीत नव्हतं का? मला तर पाळण्यातून माहीत होतं! आमच्या घरी बाबांचा वाढदिवस कधी झाला नाही. एक जून उजाडला की बाबा आरशात बघून मिशा विंचरत म्हणायचे, "आज सरकारी वाढदिवस." कारखान्यात एकतीस मेला निवृत्त होणाऱ्यांची ही रांग लागायची, कारण एक जूनला जन्मलेल्यांची नोकरी त्या दिवशी संपते. बाबा आणि काका एकाच दिवशी निवृत्त झाले, गळ्यात सारखेच हार घालून फाटकाबाहेर आले. त्या दिवसाचा फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे. आणि तरीही, नवऱ्याच्या नावाची, मारुतीची, मोबाइलची ओळ लिहिणाऱ्या मला, ही एक ओळ लिहायची आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही. सरांच्या वडिलांचीही जन्मतारीख एक जूनच. त्यांच्याही मनात आलं नाही. इतकं माहीत होतं आम्हाला ते.

वॉर्डमध्ये पोचले तेव्हा मला दम लागला होता. काका खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते, रुग्णालयाचा हिरवा अंगरखा घालून. त्यात ते आणखीच बुटके दिसत होते. उशीजवळ त्यांचा मुलगा फोनवर कुणाशी तरी बोलत उभा होता. मला बघून काकांचा चेहरा फुलला. "जय भीम, पोरी. तू काहून आली?"

त्यांच्या दुसऱ्या बाजूला सिस्टर उभी होती. तिच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही कोण?" सिस्टर म्हणाली.

"ते इंजेक्शन कशाचं आहे ते सांगा आधी."

"ऑपरेशनच्या आधी द्यायच्या पेनिसिलिनचा टेस्ट डोस आहे. डॉक्टरांनी लिहिलाय. आणि भेटायची वेळ चारनंतर असते, बाहेर पाटी आहे."

"त्यांना पेनिसिलिन चालत नाही."

सिस्टरने शांतपणे खाटेच्या टोकाला लावलेला कागद उचलला. आमच्याच सॉफ्टवेअरने छापलेला कागद. "इथे स्वच्छ लिहिलंय, ॲलर्जी नाही. कॉम्प्युटरमधून आलंय. आम्ही मनाने लिहीत नाही."

"तो कॉम्प्युटर आमचाच आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "चुकलाय तो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ट्रे खाली ठेवून ती काकांकडे वळली. "आजोबा, कुठल्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का कधी?"

"झालता ना. मरता मरता वाचलो बाई मी. पेनिशिलीन."

"मग मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "मघाशी तुमी इचारलं, काई नवीन त्रास हाय का. नवीन काई नाही. हे तं पयलेच लिहून देल्लं हाय. ह्या पोरीनंच देल्लं होतं लिहून, माह्यासमोर. कॉम्प्युटरात हाय ना ते."

सिस्टरने सिरिंज ट्रेमध्येच बाजूला सरकवली, कागदावरच्या 'नाही' या शब्दावर पेनाने दोन आडव्या रेघा ओढल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मला तेव्हा पहिल्यांदा खाली बसावंसं वाटलं आणि मी काकांच्या खाटेवर बसले. काका माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "एवढी धावत काहून आली? फोन करायचा." त्यांचा फोन उशीखाली, आवाज बंद करून ठेवलेला होता.

डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, औषध बदललं. तेवढ्यात खडकीहून रिक्षाने बाबा आले, भांडायच्या तयारीनेच. "माह्यं ऑपरेशन करनारा डॉक्टर कोनता?" असं दारातूनच विचारत आले. काकांना खाटेवर पाहिल्यावर त्यांना उलगडलं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि काकांच्या शेजारी बसून राहिले.

मी तिथूनच सरांना फोन केला. सर एवढंच म्हणाले, "माझे वडीलपण तिथलेच पेशंट आहेत."

त्या दुपारी आम्ही रुग्णालयाला सांगितलं की आमच्या नोंदींवर विसंबू नका, प्रत्येक रुग्णाला तोंडाने विचारा. जुन्या नोंदी झाकल्या होत्या, पुसल्या नव्हत्या, म्हणून सगळं पूर्ववत करता आलं. ते करताना एक जूनवाल्यांच्या जोड्या पडद्यावर खालून वर सरकत होत्या. थांबायलाच तयार नव्हत्या. शेतकरी, शिपाई, गिरणी कामगार, शिक्षक, घरकाम करणाऱ्या बाया. बऱ्याच जोड्या खऱ्याच दुबार होत्या. काही नव्हत्या. एका बाईच्या नावावर दुसरीच्या हृदयाचा रिपोर्ट चिकटला होता. दोघी हयात होत्या आणि दोघींनाही याचा पत्ता नव्हता. सर माझ्या मागे उभे होते. त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही, याची मला जास्त भीती वाटली.

सगळं मार्गी लागल्यावर मी मदतनिसाशी झालेलं त्या कामाचं संभाषण उघडलं. ते अजून तसंच होतं. मी रागाने लिहिलं: इतकी माणसं एकाच दिवशी जन्मली, हे तुला विचित्र वाटलं नाही?

त्याने उत्तर दिलं की वाटलं होतं, आणि तसा उल्लेखही केला होता.

मला ते खरं वाटलं नाही. आपण रागावलो की हा लगेच आपल्याला हवं ते बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी वर सरकत गेले, त्याने काम सुरू केलं होतं तिथपर्यंत. आणि ते तिथे होतं. कोडाच्या दोन मोठ्या तुकड्यांच्या मधे, एकच वाक्य. 'एक जून या तारखेच्या नोंदी अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहेत. सूचनांनुसार प्रश्न न विचारता काम पुढे चालू ठेवत आहे.'

मी ते वाक्य किती वेळ बघत बसले कोण जाणे. तोपर्यंत मी समजत होते की जे आमच्या शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे ते या परक्याला ठाऊक नव्हतं, म्हणून घोटाळा झाला. तसं नव्हतं. आम्हा सगळ्यांमध्ये ज्याच्या डोळ्यांना ते खटकलं असा तो एकटाच होता. आम्हाला सवय होती म्हणून दिसलं नाही. त्याला सवय नव्हती म्हणून दिसलं, आणि आम्ही त्याला गप्प बसवून ठेवलं होतं. मला इतका मोठा धक्का वॉर्डमध्ये ती सिरिंज पाहूनही बसला नव्हता. मी सरांना बोलावलं. त्यांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"ही ओळ कुणी लिहिली होती, प्रश्न विचारू नका?" ते म्हणाले.

"मी लिहिली. तुम्ही हसलात म्हणून."

"कारण लिहिलं होतं?"

नव्हतं लिहिलं. संपूर्ण फाइलमधली ती एकच सूचना होती जिच्यामागे कारण नव्हतं. कारण द्यायचं तर 'आम्हाला कंटाळा येतो' असं लिहावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी मी ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं: 'बटणाचा रंग, जागा, नाव हे तुमचं तुम्ही ठरवा. पण माणसांच्या माहितीत काही विचित्र दिसलं, तर थांबा आणि विचारा. आम्हाला सवय झालेली असते, म्हणून ते आम्हाला दिसत नाही.' आणि खाली: 'एक जून ही जन्मतारीख असेलच असं नाही. जुन्या पिढीत ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली तारीख असते. या तारखेवरून दोन नोंदी एकाच माणसाच्या समजू नका. जोडी आमच्यासमोर ठेवा.' सरांनी ते वाचून मान हलवली. म्हणाले, "मारुतीसमोरची ओळ आहे तशीच राहू द्या."

काकांचं ऑपरेशन नीट झालं. मी भेटायला गेले तेव्हा बाबा तिथेच होते, काकांसाठी आणलेली मोसंबी स्वतःच सोलून खात. मी त्या दोघांना विचारलं, की तुमच्यात खरा मोठा कोण? इतकी वर्षं त्यांना एका घरातल्यासारखं बघून मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"मी," बाबा म्हणाले. "नागपूरले दीक्षेले सारी वस्ती गेली होती. मी बापाच्या खांद्यावर होतो. मले आठवते, नुसती डोकीच डोकी."

"तुले काई आठवत नाही," काका म्हणाले. "तुह्या बापानं सांगितलं ते तू सांगतं."

"अन् तू कुठं होता?"

"मी मायच्या पोटात होतो. माय म्हने, लोक म्हनत होते तिला, अशा दिवसांत येवढ्या गर्दीत जाऊ नको. पन ते गेली."

दोघंही हसले. काकांना हसताना टाके दुखले, मग बाबा त्यांच्यावर ओरडले.

पुढच्या आठवड्यात मदतनिसाला पुन्हा तेच काम दिलं, नव्या सूचनांसकट. तो नेहमीप्रमाणे सकाळी नवा होता, आधीचं काहीच त्याला आठवत नव्हतं. त्याने फाइल वाचली आणि कामाला लागला. थोड्याच वेळात तो थांबला. पडद्यावर दोन नोंदी आल्या, शेजारी शेजारी. पहिलं नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, एक जून, साल तेच. खाली प्रश्न होता: हा एकच माणूस आहे का?

इतके महिने मी ज्याला गप्प बसवलं होतं तो आज माझ्या बापाबद्दल मला विचारत होता. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला, ऑफिसात काय हे. मी लिहिलं: नाही. दोन माणसं आहेत.

मग आठवलं की कारण लिहायला हवं. मी पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले आणि लिहिलं: एक बापाच्या खांद्यावर होता, दुसरा आईच्या पोटात.